विटाळ, मन आणि सम्यक स्मृती

धम्मपदाच्या यमकवग्गातील पहिल्या दोन गाथा आमच्या उपासक-उपासिकांना सर्वाधिक परिचित आहेत. त्यांत मनाला अग्रस्थान दिले आहे. दूषित मनाने केलेल्या बोलण्याचालण्यामागे दुःख येते आणि प्रसन्न मनाने केलेल्यामागे सुख, असा त्यांचा आशय. विदर्भातील अभ्यासवर्गांत या गाथांवर प्रवचन झाले की, एखादा वृद्ध उपासक हमखास एक प्रश्न विचारतो. मनच जर सर्व घडविते, तर आमच्या आजा-पणजांनी भोगलेली अस्पृश्यताही त्यांच्याच मनाने घडविली होती काय? या प्रश्नाचे उत्तर टाळून मनाविषयी बोलण्याचा अधिकार कोणाही धम्मप्रवचनकारास नाही, असे आम्हांस वाटते. अलीकडे तर ‘जसा विचार तशी सृष्टी’ असे सांगणाऱ्या पुस्तकांचा आणि शिबिरांचा बाजारच भरला आहे. तथागतांचे नावही त्या बाजारात सर्रास वापरले जाते. म्हणून या प्रश्नाचा विचार इतिहासाच्या अंगाने, आणि तोही आपल्या परिसराच्या इतिहासाच्या अंगाने करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम गाथेचाच विचार करू. धम्मपदाच्या अट्ठकथेत पहिल्या गाथेच्या संदर्भात चक्षुपाल स्थविरांची कथा येते. स्थविर अंध होते. पावसानंतर चंक्रमण करताना त्यांच्या पायांखाली किडे चिरडले गेले. ते पाहून काही भिक्षूंनी त्यांच्यावर प्राणिहत्येचा आरोप केला. तथागतांनी तो मान्य केला नाही, कारण स्थविरांना किडे दिसले नव्हते आणि मारण्याची चेतना त्यांच्या ठायी नव्हती. येथे किडे मेले हे सत्य कोणी नाकारीत नाही. स्थविरांच्या शुद्ध मनामुळे मेलेले किडे जिवंत झाले, असेही अट्ठकथाकार सांगत नाहीत. प्रश्न आहे तो कृत्याच्या नैतिक मूल्याचा. मन बाहेरचे जग शून्यातून निर्माण करते, असा या गाथेचा अर्थ नाही. आपल्या कृतीला, तिच्या परिणामाला आणि आपल्या अनुभवाला आकार देणारे पहिले कारण मनात शोधावे, एवढाच तिचा निर्देश आहे. हा भेद निसटला की धम्म राहत नाही, जादूटोणा राहतो.

आता आपल्या भूमीकडे वळू. कळमेश्वर तालुक्यातील मोहपा हे गाव आज संत्र्यांसाठी ओळखले जाते. अस्पृश्योद्धाराच्या चळवळीचा अभ्यास करणारास मात्र ते दुसऱ्या कारणाने वंदनीय वाटावे. किसन फागुजी बनसोडे यांचा जन्म १८७९ साली येथे झाला. त्यांनी १९१० मध्ये ‘निराश्रित हिंद नागरिक’, १९१३ मध्ये ‘विटाळ विध्वंसक’, १९१८ मध्ये ‘मजूर पत्रिका’ आणि १९३१ मध्ये ‘चोखामेळा’ अशी पत्रे काढली. यांतील दुसऱ्या पत्राच्या नावाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. विटाळ म्हणजे काय? तो तराजूत तोलता येत नाही, डोळ्यांनी दिसत नाही, नाकाला जाणवत नाही. एका माणसाची सावली दुसऱ्यावर पडली तर दुसऱ्याच्या अंगात कोणताही फरक पडत नाही. तरीही तो स्नान करतो, तणतणतो, पहिल्याला मारण्यास धावतो. विटाळ ही संपूर्णपणे मनात वसलेली वस्तू आहे, आणि तिच्या पायी शतकानुशतके कोट्यवधी माणसे पाण्यावाचून, विद्येवाचून, अन्नावाचून राहिली. मोहप्याच्या या पत्रकाराने आपल्या पत्राचे नाव ठेवताना नेमक्या या मनातल्या वस्तूवर बोट ठेवले होते.

बनसोडे चोखोबांच्या परंपरेचे अभिमानी होते. प्रार्थना समाजाच्या सुधारणावादाचाही त्यांच्यावर प्रभाव होता. बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हा ते तिच्या बाजूने उभे राहिले नाहीत, आणि १९४६ मध्ये, म्हणजे दीक्षेच्या दहा वर्षे आधी, त्यांचे निधन झाले. या मतभेदामुळे आमच्या काही लेखकांनी त्यांची उपेक्षा केली आहे. ती आम्हांस योग्य वाटत नाही. विटाळाचे घर मनात आहे हे त्यांनी ओळखले होते. ते घर कोणत्या ग्रंथांच्या पायावर उभे आहे, तेथपर्यंत मात्र त्यांचा प्रहार पोचला नाही.

बनसोडे यांच्या प्रभावळीतील जाईबाई चौधरी यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. नागपूर-कामठी मार्गावर डोक्यावर ओझी वाहणाऱ्या या बाई शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावे मुलींची शाळा उभी केली. १९३७ साली नागपुरातच अखिल भारतीय महिला परिषद भरली. तेथे देशभरातील सुशिक्षित, सुधारक म्हणविणाऱ्या स्त्रिया जमल्या होत्या. भोजनाच्या वेळी जाईबाईंना वेगळे बसविण्यात आले. त्या स्त्रियांनी इंग्रजी पुस्तके वाचली होती, समतेवरची व्याख्यानेही ऐकली असतील. पान वाढताना मात्र त्यांच्या मनात जो विचार आपोआप उठला, तो त्यांनी स्वतः कधी पाहिलाच नव्हता. विद्या असणे आणि आपल्या मनात काय चालले आहे याची जाण असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका पंगतीवरून कळून येते.

मनातली वस्तू बाहेर कशी साकार होते, याचे सर्वांत उघड उदाहरण महाडचे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले. पाण्याचा रंग बदलला नाही, चव बदलली नाही. तरीही सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी त्यात ओतून ते ‘शुद्ध’ करून घेतले. स्वच्छ पाणी त्यांना अशुद्ध दिसले आणि शेण कालविलेले पाणी शुद्ध दिसले! माणूस जे अनुभवतो ते वस्तूचे केवळ प्रतिबिंब नसते, त्याच्या मनातील धारणा त्या प्रतिबिंबाला रंग देते, हे सांगण्यासाठी याहून वेगळा दाखला नको. परंतु येथेच थांबून ‘सारा मनाचा खेळ’ म्हणणे ही सत्याशी प्रतारणा ठरेल. त्या दिवशी परतणाऱ्या आमच्या बांधवांच्या डोक्यांत ज्या लाठ्या बसल्या त्या मनातल्या नव्हत्या. तळ्यावरील हक्कासाठी दहा वर्षे न्यायालयात लढावे लागले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल मार्च १९३७ मध्ये मिळाला. सवर्णांच्या मनातला विटाळ आमच्या अंगावर लाठी होऊन येत होता. तेव्हा मन पालटणे आणि कायदा मिळविणे ही दोन्ही कामे एकाच लढ्याची होती.

१९३६ साल या विचाराच्या इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि मंडळाने परिषदच रद्द केल्यामुळे न झालेले भाषण बाबासाहेबांनी स्वतः छापून प्रसिद्ध केले. जातिव्यवस्था ही हातोडा घेऊन पाडता येईल अशी बांधीव वस्तू नाही, ती एक धारणा आहे, मनाची अवस्था आहे, अशी मांडणी त्यांनी त्यात केली. पण हे सांगून ते थांबले नाहीत. ही धारणा लोकांच्या मनात कोठून आली, असा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला आणि त्याचे उत्तर शास्त्रग्रंथांच्या प्रामाण्यात शोधले. जात पाळणारा माणूस आपल्या समजुतीप्रमाणे धर्मच पाळत असतो. म्हणून केवळ सहभोजने घडवून काही होणार नाही, त्या प्रामाण्यावरील श्रद्धाच ढळली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आमच्या मते मनाविषयीच्या आधुनिक भारतीय चिंतनातील हा अत्यंत मोलाचा टप्पा होय. मन एकट्या व्यक्तीचे नसते. त्यात समाज बोलतो, पोथी बोलते, आजीने सांगितलेली गोष्ट बोलते. ‘माझा विचार’ म्हणून जे उठते त्यातले पुष्कळसे आपले नसतेच. त्याच वर्षी ३१ मे रोजी मुंबईच्या परिषदेत ‘मुक्ती कोन पथे’ या भाषणाचा शेवट करताना त्यांनी तथागतांनी आनंदाला केलेला स्वयंप्रकाशित होण्याचा उपदेश सांगितला, हेही येथे लक्षात घ्यावे.

हा सामाजिक प्रवाह सूत्रपिटकात सापडतो काय? आम्हांस तो मज्झिमनिकायातील मधुपिण्डिक सुत्तात स्पष्ट दिसतो. डोळा आणि रूप एकत्र आले की चक्षुविज्ञान उत्पन्न होते. तिघांचा संयोग म्हणजे स्पर्श. स्पर्शातून वेदना. जी वेदना होते तिला मनुष्य संज्ञा देतो, म्हणजे ओळखीचे नाव चिकटवितो. मग त्यावर वितर्क करतो आणि वितर्कातून प्रपंच पसरतो. या प्रपंचाचा शेवट कोठे होतो हेही ते सुत्त सांगते : दंड उगारण्यात, शस्त्र हाती घेण्यात, कलहात आणि असत्य भाषणात. या साखळीत महाडची घटना ठेवून पाहावी. एक माणूस ओंजळीने पाणी पितो, एवढेच डोळ्यांना दिसते. ‘महार’ हे नाव संज्ञेने चिकटविले. ‘तळे बाटले’ हा वितर्क झाला. ‘आता हे देवळातही शिरणार’ हा प्रपंच. त्यानंतर लाठी. पाहणे आणि लाठी उगारणे यांच्यामध्ये मनाच्या इतक्या पायऱ्या असतात, आणि त्या इतक्या वेगाने ओलांडल्या जातात की, मारणाराला त्या दिसतही नाहीत. महासतिपट्ठान सुत्तातील चित्तानुपश्यना या पायऱ्या दिसू लागाव्यात यासाठी आहे. चित्त द्वेषयुक्त असेल तर द्वेषयुक्त आहे असे जाणावे, द्वेषमुक्त असेल तर तसे जाणावे. यात देवाची करुणा भाकणे नाही, मंत्र नाही. जे मनात आहे ते तसेच्या तसे ओळखणे आहे.

वृद्ध उपासकाच्या प्रश्नाचे उत्तर संयुत्तनिकायात आहे. मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना विचारले की, माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्माचेच फळ असते, असे काही श्रमणब्राह्मण म्हणतात, आपले मत काय? तथागतांनी ते मत नाकारले. पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुबदल, विषम वर्तन, दुसऱ्याने केलेला आघात अशी कारणे त्यांनी सांगितली, कर्मविपाक हे त्यांपैकी केवळ एक. दुसऱ्याने केलेला आघात हे स्वतंत्र कारण तथागतांनी मानले आहे, याकडे आमच्या प्रवचनकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्ताची चिकित्सा करताना हाच धागा पुढे नेला. दरिद्री आणि दलित माणसाच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकून टाकावी, एवढाच त्या सिद्धान्ताचा उपयोग होतो, असे त्यांचे म्हणणे. ‘तुझ्या वाईट विचारांमुळे तुझे वाईट झाले’ हे नवे सूत्र त्या जुन्या पूर्वकर्माचेच नवे कपडे घालून आलेले रूप आहे. त्याला विहारात आसन देऊ नये.

पण त्याच ग्रंथाच्या पहिल्या खंडात तथागतांनी पूर्वसूरींकडून काय नाकारले, काय बदलले आणि काय स्वीकारले याची चर्चा करताना बाबासाहेबांनी मनाला सर्वाच्या केंद्रस्थानी ठेवले आहे, आणि सम्यक स्मृतीचे विवेचन मनाची अखंड जागृती असे केले आहे. या दोन गोष्टींत विरोध नाही. माणूस आपल्या दुःखाचा एकमेव कर्ता नाही. त्या दुःखाशी आपण कसे वागावे हे ठरविण्याचे सामर्थ्य मात्र त्याच्या मनात आहे. सल्ल सुत्तातील दोन बाणांची उपमा येथे उपयोगी पडते. पहिला बाण शरीराला लागतो. अज्ञ माणूस त्यावर शोक, संताप आणि न्यूनता यांचा दुसरा बाण स्वतःला मारून घेतो. ही उपमा पीडितालाच ऐकवून पीडा देणाऱ्याला मोकळे सोडण्याची एक रीत आहे, ती आम्हांस मान्य नाही. समाजात एकाच्या मनातील प्रपंच हा दुसऱ्याच्या शरीरात घुसणारा पहिला बाण असतो. स्मृतीची गरज दोघांनाही आहे, आणि बाण सोडणाऱ्याला ती अधिक आहे.

१४ ऑक्टोबर १९५६. अशोक विजयादशमीच्या त्या दिवशी नागपूरच्या भूमीवर कुशीनगरच्या महास्थविर चंद्रमणी यांनी बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील दिले आणि नंतर बाबासाहेबांनी लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञांसह धम्मदीक्षा दिली. विदर्भातील खेड्यापाड्यांतून माणसे रेल्वेने, बैलगाड्यांनी आणि पायी आली होती. कळमेश्वराहून नागपूर म्हणजे पायी एका दिवसाची वाट. त्या दिवशी दीक्षा घेणाऱ्यांचे घर बदलले नाही, मजुरी वाढली नाही, गावच्या पाटलाचा स्वभावही पालटला नाही. मग काय बदलले? प्रतिज्ञांच्या आरंभीच जुन्या देवदेवतांचा त्याग आहे. गावी परतल्यावर कितीतरी घरांतील देव्हारे रिकामे झाले, टाक आणि मूर्ती नदीत, विहिरीत सोडल्या गेल्या, मेलेली ढोरे ओढणे बंद झाले. देवी कोपेल, लेकरू दगावेल, ही भीती पिढ्यान्‌पिढ्या मनात होती. त्या रात्री माणसांनी ती भीती समोर ठेवून पाहिली आणि तरीही टाक पाण्यात सोडला. ध्यानाचे नाव न घेता केलेली ही चित्तानुपश्यनाच म्हणावी लागेल. मन बदलल्याबरोबर बाहेरचे वास्तवही बदलू लागले. ढोरे ओढण्यास नकार दिला म्हणून अनेक गावांत बहिष्कार झाले, हेही त्या बदललेल्या वास्तवाचेच अंग. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी उत्साहाविषयी सांगितले होते. ज्या माणसाच्या मनातील उत्साहच मारला गेला आहे त्याची उन्नती होत नाही, हा त्यातील विचार दीक्षेचा मानसशास्त्रीय पाया समजण्यास पुरेसा आहे.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि मनाच्या साधनेची शिस्तशीर शिकवण देणारे कोणी उरले नाही. ग्रंथ होता, आणि भदंत आनंद कौसल्यायन यांच्यासारख्या विद्वानांनी त्याचे हिंदी भाषांतर करून तो घरोघर पोचविला. धर्मानंद कोसंबी यांनी ‘समाधिमार्ग’ मराठीत फार पूर्वीच लिहिला होता, परंतु वस्तीतल्या किती घरांत तो गेला? महापरिनिर्वाणाच्या दिवशी नागपुरातच असलेल्या इंग्रज भिक्षू संघरक्षितांनी पुढचे काही दिवस शोकाकुल समाजासमोर भाषणे दिली. १९७९ मध्ये त्यांच्या प्रेरणेने सुरू झालेल्या त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाने आनापान आणि मैत्रीभावना यांचे वर्ग वस्त्यांत नेले. दुसरीकडे सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले. १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र उभे राहिले आणि त्या परंपरेचे ‘धम्मनाग’ हे केंद्र नागपूर-कळमेश्वर रस्त्यालगत माहूरझरी येथे आहे. दहा दिवसांचे मौन, पहिले साडेतीन दिवस श्वासावर लक्ष, नंतर शरीरातील वेदनांचे तटस्थ निरीक्षण आणि अखेरीस मंगल मैत्री असा तेथील क्रम. माहूरझरी हे गाव तसे जुने. १९७० ते ७२ या काळात नागपूर विद्यापीठाने केलेल्या उत्खननात येथील शिळावर्तुळांखाली तांब्याच्या आभूषणांसह पुरलेला घोडा सापडला आणि मौल्यवान दगडांचे मणी घडविणाऱ्यांची ही वस्ती होती हेही दिसून आले.

विपश्यनेविषयी आमच्या चळवळीत दोन तट आहेत. एक म्हणतो, डोळे मिटून बसल्याने जात जात नाही, दहा दिवस मौन पाळणारा अकराव्या दिवशी अन्यायाविरुद्ध बोलायला विसरतो. दुसरा म्हणतो, अष्टांगिक मार्गाची शेवटची दोन अंगे वगळून बौद्ध होता येत नाही. पहिल्या तटाची भीती निराधार नाही. बाबासाहेबांनीच १९५० मधील लेखात सेवा न करणाऱ्या भिक्षुसंघावर टीका केली होती, आणि भिक्षू हा केवळ परिपूर्ण व्यक्ती की समाजसेवक, असा प्रश्न पुढे आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत विचारला होता. तरीही आमचा कल दुसऱ्या तटाकडे आहे, एका अटीवर. साधनेत दिसलेला द्वेष, न्यूनगंड आणि पोटजातीचा अभिमान साधकाने घरी, लग्नाच्या बैठकीत आणि निवडणुकीच्या वेळीही ओळखला पाहिजे. दीक्षा घेऊनही सोयरिकीच्या वेळी जुनी पोटजात हळूच विचारणारी घरे आमच्यात आहेत. तेथे सवर्णांकडे बोट दाखवून चालत नाही.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, ती नागपूरपासून काही तासांच्या अंतरावर. शिकणारी मुले, स्वतःची शेती आणि ताठ मान हे डोळ्यांना दिसले. मधुपिण्डिक सुत्तातील साखळी तेथून शस्त्रापर्यंत कशी गेली ते साऱ्या देशाने पाहिले. त्या कुटुंबाच्या विचारांत काय दोष होता असे कोणी विचारील काय?

१९५६ साली ज्यांनी स्वतःच्या हाताने देव्हारे रिकामे केले ते आता पंचाऐंशीच्या पुढे आहेत, आणि दर वर्षी त्यांच्यातले काही कमी होतात. वसंत मून यांनी १९९५ च्या ‘वस्ती’ या आत्मकथनात नागपूरच्या वस्तीचे जीवन नोंदवून ठेवले. कळमेश्वर, मोहपा आणि काटोलकडच्या खेड्यांतल्या आठवणींचे काय? सभेला किती माणसे होती आणि कोणत्या गाडीने गेलो, एवढेच आजवर विचारले गेले. टाक पाण्यात सोडण्याच्या आदल्या रात्री मनात काय आले, कोणाची भीती वाटली, घरातील बायकांनी काय म्हटले, सकाळी देव्हाऱ्याच्या रिकाम्या कोनाड्याकडे पाहताना काय वाटले, हे प्रश्न घेऊन अभ्यासवर्गांनी येत्या वर्षावासात त्यांच्याकडे जावे आणि त्यांची उत्तरे त्यांच्याच वऱ्हाडी-नागपुरी बोलीत उतरवून घ्यावीत.